प्रत्यय

आयाकुचोहून सहा तास वर, चुना लावलेल्या शाळेत
रात्री आठला सातुर्निनाबाई जनरेटर चालू करायच्या
आणि आम्ही अकराजणी, लोकरीचा वास अंगावर घेऊन,
पहिलीच्या बाकांवर गुडघे दुमडून बसायचो.
मधल्या बाकावर कुणाचं तरी बाळ झोपलेलं.

पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या,
आपल्या केचुआत शब्दाला तीन शेपट्या लागतात.
डोळ्यांनी पाहिलं असेल, तर ‘मी’.
कुणी सांगितलं असेल, तर ‘सी’.
नुसता कयास असेल, तर ‘चा’.
आम्ही हसलो. हे काय शिकवायचं?
बटाट्याचा भाव करतानाही आम्ही हे बोलतो.
बोलता ना, त्या म्हणाल्या. आता लिहून बघा.

मी बाबांचं लिहिलं.
चार पानं, एका रात्रीत, चुलीच्या उजेडात:
बोगदा कोसळला, धूळ उसळली,
बाबांनी माझं नाव घेऊन हाक मारली, आणि गेले.
वाक्यावाक्यात ‘मी’, ‘मी’, ‘मी’,
खिळे ठोकावेत तसे.

बाईंनी हिरव्या पेन्सिलीने एकोणीस गोल काढले.
समासात एकच प्रश्न: तू होतीस?

तळपायाची आग मस्तकात गेली.
माझा बाप मेलाय
आणि ही बाई प्रत्यय मोजतेय!
वही शालीत गुंडाळून निघाले,
तीन आठवडे शाळेकडे फिरकले नाही.
पण मेंढ्या मोजतानाही आकडा एकोणीसपाशीच अडायचा.

मग एका दुपारी बसले
आणि एकेक ‘मी’ खोडला.
बोगदा कोसळला म्हणे.
धूळ उसळली म्हणे.
हाक मारली म्हणे.
प्रत्येक ‘म्हणे’पाशी वाक्य थबकायचं,
मान वळवून विचारायचं: कोण म्हणे?
माझ्याकडे उत्तर नव्हतं.
ती हाक तर मीच घातली होती
त्यांच्या तोंडात.

म्हणून खाली उतरले, दीड दिवसाची वाट,
फोर्तुनातो पोमाच्या घरी.
तो बाबांच्या मागे दहा पावलांवर होता.
एक पाय तिथेच ठेवून आलेला.
त्याने मक्याची चिचा ओतली, आधी थोडी जमिनीला पाजली,
आणि बोलायला लागला. त्याच्या प्रत्येक वाक्यात ‘मी’ होता,
कमावलेला.
हाकबीक नाही मारली गं कुणाला.
खेचराला शिव्या देत होता. बिशप नाव त्याचं.
चारी पाय रोवून उभं होतं, हलेचना.
त्याला कळलं असावं, फोर्तुनातो म्हणाला,
आणि इथे मात्र त्याने ‘चा’ लावला.
आम्ही दोघं हसलो.
मग बराच वेळ कुणीच बोललं नाही.

शिव्या लिहिल्या, जशाच्या तशा.
बाईंनी त्यातल्या एकीचं व्याकरण सुधारलं.

शेवटच्या पानावर होतं: आपण सगळे रडलो.
‘आपण’? बाईंनी विचारलं. की ‘आम्ही’?
वाचणारा होता तुमच्या अंगणात?
नव्हता.
‘आम्ही’ लिहिलं, दार ओढून घ्यावं तसं.
त्या रात्री वर्गात ते पान वाचलं
तेव्हा बाळाची आई उठून बाहेर गेली,
जनरेटरपाशी उभी राहिली.
तिचंही कुणी होतं त्या डोंगरात. मला माहीत नव्हतं.

आता लिमाहून कुणी कुणी येतात, विचारतात,
मन मोकळं करायला व्याकरण कशाला?
मी त्यांना चिचा देते.
काय सांगणार?

चार पानांची सात झाली.
त्यात माझ्या स्वतःच्या डोळ्यांचं एकच वाक्य उरलं:
त्या पहाटे बाबांनी माझी बोटभर पेन्सिल उचलली,
कानामागे खोचली,
आणि मी म्हटलं, संध्याकाळी परत द्या.

तिथे ‘मी’ आहे.
त्याच्याभोवती गोल नाही.